खोटे ऊन, खरी परीक्षा

बालमित्रांनो, येत्या शनिवारी वर्ग सुटला की पार्किंग लॉटमधून जाताना एक काम करा. उभ्या असलेल्या गाड्यांचे पुढचे दिवे निरखून बघा. नव्या गाडीचे दिवे लख्ख पारदर्शक दिसतील. दहा-बारा वर्षांच्या काही गाड्यांचे दिवे मात्र पिवळट, धुरकट दिसतील. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो ना, अगदी तसे. हे कोणी केले? उन्हाने!

आता पुढचा प्रश्न. नवा दिवा बाजारात आणण्यापूर्वी तो दहा वर्षे ऊन सोसेल की नाही, हे कारखान्याला कसे कळते? त्यासाठी प्रयोगशाळेत दिवे लावून "खोटे ऊन" पाडतात आणि त्या उन्हात वस्तूची परीक्षा घेतात. पण त्यासाठी कोणता दिवा निवडायचा, हे वाटते तितके सोपे नाही. दिवा चुकला तर चांगली वस्तू नापास होते आणि वाईट वस्तू पास! या अंकात त्याचीच माहिती घेऊ. लेख थोडा मोठा आहे, तेव्हा आई-बाबांबरोबर दोन बैठकांत वाचलात तरी चालेल.

गाडीच्या डोळ्याला मोतीबिंदू

दिव्यापुढची ती "काच" खरे म्हणजे काच नाहीच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढले. ते हलके असते, हवा तो आकार घेते आणि दगड लागला तरी सहसा फुटत नाही. अमेरिकेत पूर्वी गाड्यांना ठरावीक आकाराचे, काचेचे बंद दिवेच लावावे लागत. १९८३ साली नियम बदलला आणि १९८४च्या मॉडेलच्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला नव्या पद्धतीचे दिवे आले. नंतर बहुतेक गाड्यांवर प्लॅस्टिकचेच दिवे दिसू लागले.

पॉलिकार्बोनेटचा एक दोष आहे. उघड्यावर ठेवले तर ते उन्हाने पिवळे पडते. म्हणून त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. हा थर उन्हातले घातक किरण स्वतः शोषून घेतो. आपण अंगाला सनस्क्रीन लावतो, तसाच हा प्रकार. काही वर्षांनी हा थर झिजतो, त्याला बारीक तडे जातात आणि मग खालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

यात नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. २०१८ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने केलेल्या चाचणीत असे आढळले, की पिवळ्या, धुरकट झालेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे रात्री रस्त्याच्या कडेने चालणारे माणूस चालकाला उशिरा दिसणार. तो पातळ थर टिकणे म्हणजे कोणाचा तरी जीव वाचणे, असेही म्हणता येईल.

तीन वर्षे थांबायचे कोणी?

सर्वांत खरी परीक्षा अर्थातच खऱ्या उन्हात. दिव्याच्या प्लॅस्टिकचे नमुने फ्लॉरिडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांत तीन वर्षे उघड्यावर ठेवून तपासावेत, असा अमेरिकेतला नियम आहे. दोनच राज्ये का? दक्षिण फ्लॉरिडात ऊन कडक आणि हवा दमट. ॲरिझोनाच्या वाळवंटात ऊन कडक आणि हवा कोरडी. एक आपल्या कोकणासारखे, तर दुसरे भर उन्हाळ्यातल्या विदर्भाहूनही कोरडे. दोन्हीकडे टिकले ते बहुतेक ठिकाणी टिकेल, असा हिशेब.

पण समजा, एका रसायनतज्ज्ञाने थराच्या वीस निरनिराळ्या पाककृती तयार केल्या. त्यातली कोणती चांगली, हे कळायला तो तीन वर्षे थांबला आणि सगळ्या नापास झाल्या, तर? पुन्हा नवी पाककृती आणि पुन्हा तीन वर्षे! म्हणून आधी प्रयोगशाळेतल्या खोट्या उन्हात चाळणी लावायची, त्यातून तरलेल्या दोन-तीन पाककृती खऱ्या उन्हात पाठवायच्या, अशी रीत आहे. चाळणी मात्र चांगली हवी. चाळणीची भोके चुकीची असली तर गहू खाली पडतो आणि खडे वर राहतात.

कैरी आणि दगड

आता उन्हात नेमके काय असते ते पाहू. प्रकाश लाटांनी बनलेला असतो. या लाटांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लाटा आपल्याला दिसतात. त्यातच जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत इंद्रधनुष्याचे सारे रंग आले. ७००च्या पलीकडचे ते अवरक्त किरण, ते ऊब देतात. ४००च्या अलीकडचे ते अतिनील किरण, म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अतिनील किरणांचा वाटा फक्त पाच टक्क्यांच्या आसपास असतो. तरीही प्लॅस्टिक आणि रंगांचे सर्वांत जास्त नुकसान बहुधा तेच करतात. असे का?

झाडावरची कैरी पाडायची आहे असे समजा. तुम्ही शंभर बारीक खडे मारले तरी कैरी हलणार नाही. एक बेताचा दगड नेमका लागला की कैरी खाली! प्रकाशाचेही तसेच आहे. तो लहान लहान पुड्यांतून ऊर्जा आणतो, आणि लाट जितकी आखूड तितकी एका पुडीतली ऊर्जा जास्त. दिसणारा प्रकाश म्हणजे बारीक खडे आणि अतिनील किरण म्हणजे दगड. प्लॅस्टिकच्या रेणूंमधले कार्बन अणूंचे जोड तोडायचे तर दगडच लागतात.

आणि सूर्याकडे याहून मोठे धोंडेही आहेत. पण पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर ते वरच्या वर अडवतो. साधारण २९५ नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. हा २९५चा आकडा लक्षात ठेवा. खोट्या उन्हाची सारी कथा या उंबरठ्यापाशी घडते.

दिसते तसे नसते

"दिसते तसे नसते, म्हणून जग फसते" ही म्हण वर्गात शिकलात ना? दिवा निवडताना ती पदोपदी आठवते. दुकानात "डेलाइट" लिहिलेला पांढरा एलईडी दिवा मिळतो. त्याचा उजेड डोळ्यांना दिवसासारखा वाटतो. पण त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. म्हणजे खडे भरपूर, दगड एकही नाही. त्याच्याखाली प्लॅस्टिक वर्षभर ठेवले आणि ते पिवळे पडले नाही, तर त्यावरून उन्हाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून चाचणीचा दिवा डोळ्यांनी निवडत नाहीत. त्याचा वर्णपट मोजून निवडतात. वर्णपट म्हणजे कोणत्या लांबीचे किरण किती, याचा आलेख. सूर्याचा आलेख आणि दिव्याचा आलेख एकावर एक ठेवायचे. २९५ ते ४०० या भागात दोन्ही रेषा जितक्या जुळतील तितका दिवा चांगला.

दिव्यांची ओळखपरेड

*कार्बन आर्क.* दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची, हा सर्वांत जुना उपाय. १९१०च्या दशकाच्या अखेरीस कापडाचा रंग उडतो का, हे पाहायला अमेरिकेत तो वापरात आला. बंद काचेतल्या कार्बन आर्कच्या प्रकाशात ३६० आणि ३९० नॅनोमीटरच्या जवळपास मोठे उंचवटे असतात आणि आखूड अतिनील किरण फार कमी. उन्हाशी त्याचे फारसे जुळत नाही. तरी काही जुन्या चाचण्या अजूनही सुधारलेल्या कार्बन आर्कवर केल्या जातात, कारण जुन्या निकालांशी तुलना करायची असते.

*झेनॉन आर्क.* काचेसारख्या क्वार्ट्झच्या नळीत झेनॉन वायू भरून त्यात विजेची कमान पेटवतात. १९५०च्या दशकात जर्मनीत या दिव्याची चाचणी-यंत्रे आली. अतिनील, दिसणारा आणि अवरक्त अशा तिन्ही भागांत मिळून उन्हाशी सर्वांत जास्त जुळणारा दिवा हाच. पण उघड्या झेनॉन दिव्यातून २९५च्या खालचे धोंडेही पडतात. म्हणून त्याच्याभोवती खास काचांच्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, लावावे लागतात. गाळणी बदलली की ऊनही बदलते! एक गाळणी अंगणातले ऊन देते, तर दुसरी खिडकीच्या काचेतून घरात आलेले ऊन देते. साधी खिडकीची काच साधारण ३१० नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवते. म्हणून पडदे, सोफ्याचे कापड, गाडीच्या आतले डॅशबोर्ड यांची परीक्षा घ्यायची तर ही दुसरी गाळणी लावायची.

*अतिनील फ्लुरोसंट नळ्या.* घरातल्या ट्यूबलाइटसारख्याच दिसतात, पण आतली भुकटी वेगळी असते. १९७०च्या सुमारास त्यांची यंत्रे वापरात आली. या नळ्या स्वस्त आणि वापरायला सोप्या असतात. त्यातली यूव्हीए-३४० नावाची नळी २९५ ते ३६५ नॅनोमीटर या भागात उन्हाशी फार चांगली जुळते. मात्र पुढचा दिसणारा प्रकाश तिच्यात जवळजवळ नसतो. म्हणून प्लॅस्टिक ठिसूळ होते का, रंगाची चमक जाते का, हे तिच्याखाली चांगले कळते. पण कापडाचे काही रंग दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतात. त्यांच्यासाठी झेनॉनच बरा.

*मेटल हॅलाइड.* स्टेडियममध्ये लावायचे त्या जातीचे मोठे दिवे. योग्य गाळण्या लावून त्यांच्याखाली अख्खी मोटारगाडी उभी करता येते. एवढ्या मोठ्या जागेवर ऊन पाडायचे असेल तेव्हा ते उपयोगी पडतात.

उतावळा नवरा

आता खरी मेख ऐका. फ्लुरोसंट नळ्यांमध्ये यूव्हीबी-३१३ नावाचीही एक नळी आहे. तिच्या प्रकाशाचा काही भाग २९५च्या उंबरठ्याच्या खालचा, म्हणजे जमिनीवरच्या उन्हात नसलेला असतो. तिच्याखाली नमुने भराभर खराब होतात. महिन्यांचे काम आठवड्यांवर येते. कारखान्यातल्या घाईच्या माणसाला हे फार आवडते. पण "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हणही आपलीच!

पॉलिकार्बोनेटचेच उदाहरण घ्या. ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण पडले की त्याचे रेणू आतल्या आत आपली मांडणी बदलू लागतात. या क्रियेला फोटो-फ्राईज असे नाव आहे. बाहेरच्या उन्हात मात्र त्याहून लांब किरण जास्त असतात आणि मुख्यतः वेगळीच क्रिया घडते. तिच्यात हवेतला ऑक्सिजन भाग घेतो. दोन्ही वेळा प्लॅस्टिक पिवळेच पडते! वरून पाहणाऱ्याला वाटते, चाचणी झकास चालली आहे. पण आत घडणारा आजार निराळा असतो. एका आजारावर शोधलेले औषध दुसऱ्या आजारावर चालेलच, असे कोण सांगणार?

कैरीच्या भाषेत सांगायचे तर, बेताच्या दगडाने कैरी पडते का ते पाहायचे होते. आपण धोंडा मारून फांदीच मोडली. त्यावरून कैरीचा देठ पक्का की कच्चा हे कळत नाही. अशा चाचणीत कधी कधी क्रमही उलटा लागतो: बाहेर चांगला टिकणारा रंग आत पहिल्यांदा नापास होतो आणि बाहेर लवकर उडणारा पास होतो. म्हणून ही नळी मुख्यतः एकाच मालाच्या दोन घाण्यांत फरक पडला का, अशा झटपट तपासणीपुरती ठेवावी. "ही वस्तू बाहेर किती टिकेल?" हा प्रश्न तिला विचारू नये.

ऊन एकटे येत नाही

दिवा बरोबर निवडला तरी काम संपत नाही. उन्हाबरोबर ऊब येते, दव येते, पाऊस येतो आणि रात्रही येते. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपाला हात लावून बघा आणि मग पांढऱ्या गाडीच्या. हवा तीच, ऊन तेच, तरी काळा पत्रा कितीतरी जास्त तापतो. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होतात. म्हणून यंत्रात नमुन्यांशेजारी काळ्या पट्टीचा तापमापक ठेवलेला असतो.

पाण्याचीही पाळी ठरलेली असते. झेनॉन यंत्रातला एक प्रसिद्ध क्रम असा: १०२ मिनिटे नुसता प्रकाश, मग १८ मिनिटे प्रकाश आणि पाण्याचा फवारा; झाले दोन तास, की पुन्हा पहिल्यापासून. फ्लुरोसंट यंत्रात ८ तास ६० अंश सेल्सिअसला प्रकाश आणि मग दिवे बंद करून ४ तास ५० अंशांना वाफेचे दव, असा क्रम नेहमी वापरतात. बाहेर ठेवलेल्या वस्तू पावसापेक्षा रात्रीच्या दवानेच जास्त वेळ ओल्या राहतात, म्हणून दवाला एवढा मान.

शिवाय दिवेही म्हातारे होतात. जुना होत गेलेला दिवा कमी प्रकाश देतो, म्हणून यंत्रातला एक "डोळा" ठरावीक लांबीचे किरण, बहुतेक वेळा ३४० नॅनोमीटरचे, सतत मोजत राहतो आणि गरजेप्रमाणे वीज कमी-जास्त करतो. तरीही ठरलेले तास भरले की दिवा बदलावाच लागतो.

"एक हजार तास म्हणजे किती वर्षे?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. प्रामाणिक उत्तर असे, की सर्व वस्तूंना लागू पडेल असा एकच आकडा नाही. एका प्लॅस्टिकला जे एक हजार तास एक वर्षासारखे, तेच दुसऱ्याला तीन वर्षांसारखे असू शकतात. शिवाय गाव कोणते, रंग कोणता, तोंड कोणत्या दिशेला, यावरही ते अवलंबून असते. मग करायचे काय? ज्या वस्तूचा बाहेरचा अनुभव पक्का माहीत आहे तिचा एक तुकडा नव्या नमुन्याशेजारी त्याच यंत्रात ठेवायचा. नवा तुकडा ओळखीच्या तुकड्यापेक्षा सरस ठरला, तर तेवढेच म्हणायचे. त्याहून जास्त काही सांगणारी जाहिरात दिसली, तर बाबांना विचारा: "दिवा कोणता होता?"

घरी करून पाहा

एकाच गडद रंगाच्या कागदाच्या चार पट्ट्या कापा. जांभळा किंवा लाल रंग चांगला. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाका आणि मागे तारीख लिहा. पहिली पट्टी बाहेर उन्हात ठेवा, पण पारदर्शक पिशवीत नको आणि पावसात भिजू देऊ नका. दुसरी घरात, उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. तिसरी एलईडीच्या टेबललॅम्पखाली ठेवा. चौथी बंद खणात. तीन आठवड्यांनी फॉइल काढा आणि चारही पट्ट्या शेजारी शेजारी मांडा. सर्वांत जास्त रंग कोणत्या पट्टीचा उडाला? खिडकीच्या काचेने किती वाचवले? खणातली पट्टी कशाला ठेवली होती? तुमची उत्तरे मराठीत लिहून वर्गात आणा.

प्रयोगशाळांतही असाच एक जुना आणि सोपा उपाय वापरतात. लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या असतात. पहिलीचा रंग सर्वांत लवकर उडतो, आठवीचा सर्वांत उशिरा. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट टिकते. तुमचे कापड कोणत्या पट्टीबरोबर फिके पडले, त्यावरून त्याचा क्रमांक ठरतो.

एक सूचना मात्र पाळा. सूर्याकडे टक लावून पाहू नका, आणि जंतू मारण्याचे अतिनील दिवे या प्रयोगासाठी मुळीच वापरू नका. त्यांनी डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

पालकांसाठी दोन शब्द. "रंगीत लुगडे सावलीत वाळत घाल, नाहीतर उलटे करून घाल" असे आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगत आले. नॅनोमीटरचे नावही न ऐकलेल्या त्या बायकांनी ऊन पारखलेले होते, आणि तेही खऱ्या उन्हात, वर्षानुवर्षे पाहून. मुलांशी या लेखाबद्दल बोलताना अतिनील, अवरक्त, वर्णपट आणि गाळणी हे चार शब्द मुद्दाम वापरा. आणि गाडीचे दिवे धुरकट झाले असतील, तर येत्या रविवारी ते घासून पुसून घ्या किंवा बदला. रात्री आपल्या गाडीपुढून चालणारे मूल कोणाचेही असू शकते.